गाठ निघाली, पुढे काय?

पायाच्या हाडाचा कॅन्सर काढल्यावर नातेवाईक म्हणतात, "गाठ निघाली, जीव वाचला, आता बाकीचं हळूहळू होईल." या 'बाकीच्या'त चालणं, बसणं, जिना चढणं, शौचाला जाणं असं सगळं येतं. म्हणजे रुग्णाचं उरलेलं आयुष्यच.

शस्त्रक्रिया आणि केमो एवढाच उपचार, पुनर्वसन ही नंतरची सोय, असं मानणाऱ्यांचा आवडता दाखला टेरी फॉक्सचा. कॅनडाच्या या मुलाचा उजवा पाय १९७७ मध्ये गुडघ्याच्या वर कापावा लागला. १९८० मध्ये तो कृत्रिम पायावर १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर धावला. म्हणून 'जिद्द हवी' असा निष्कर्ष काढतात. धावेआधी त्याने वर्षाहून जास्त काळ सराव केला, कापलेल्या पायाचा उरलेला भाग सोलवटून घेतला, आणि कॅन्सर फुप्फुसांत पोचल्यामुळे त्याला थांबावं लागलं, हे मात्र सांगायचं राहतं. पुढच्या वर्षी, २२ व्या वर्षी, तो गेला. कुबड्या घेऊन संडासापर्यंत जाताना घामाघूम होणाऱ्याला त्याचं नाव ऐकवणं हा धीर नव्हे, टोमणा आहे. जिद्दीने सॉकेट, म्हणजे उरलेल्या पायावर चढवायचा कृत्रिम पायाचा खोलगट भाग, बसत नाही. सूज उतरून उरलेला पाय बारीक होतो, सॉकेट सैल पडतं आणि पुन्हा बनवावं लागतं. नसलेल्या पायाची बोटं रात्री ठणकतात, त्यावरही औषध आणि व्यायाम लागतात.

त्यांचा दुसरा मुद्दा जास्त वजनदार आहे: आता पाय कापावाच लागत नाही. बऱ्याच अंशी खरं आहे. परळच्या टाटा मेमोरियलमधल्या डॉक्टरांनी देशातच तयार होणारा स्वस्त कृत्रिम सांधा विकसित केला, तेव्हा अनेक गरिबांचे पाय वाचले. पण पाय वाचला म्हणजे प्रश्न मिटला असं नाही. गुडघ्याचा मोठा सांधा बदललेल्या माणसाला सहसा मांडी घालता येत नाही, उकिडवं बसता येत नाही. पंगत गेली, भारतीय बैठकीचा संडास गेला. सांधा सैल होतो, कधी जंतुसंसर्ग होतो, पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. पाय गमावलेले आणि पाय वाचवलेले यांच्या जीवनमानात अनेक अभ्यासांना फारसा फरक आढळलेला नाही. शिवाय एक वेगळीच अडचण: कुबड्या पाहून बसमध्ये लोक उठतात, पण पँटच्या आत धातूचा सांधा असलेल्या धडधाकट दिसणाऱ्या पोराला म्हातारे दटावून उठवतात.

आता शिवाजीनगरच्या (पुण्याचं नव्हे, बंगळुरूचं) बसस्थानकावरून होसूर रस्त्यावरच्या किदवाई कॅन्सर संस्थेकडे निघालेल्या रुग्णाचा विचार करा. रसेल मार्केटची गर्दी, हातगाड्या, उखडलेल्या लाद्या, बसची उंच पायरी. 'फिजिओला येत राहा' हा सल्ला त्याला देताना ही वाट कोणी मोजतं का? तो दोन-तीनदा येतो, मग येत नाही, आणि फाइलमध्ये 'रुग्ण आला नाही' अशी नोंद होते. दोष त्याच्या माथी.

म्हणून म्हणणं असं की पुनर्वसन शस्त्रक्रियेच्या आधी सुरू व्हावं. फिजिओथेरपिस्ट आणि कृत्रिम अवयव बनवणारा तंत्रज्ञ यांच्याशी रुग्णाची गाठ आधीच पडावी, कुबड्यांवर चालणं दोन्ही पाय असतानाच शिकवावं. शस्त्रक्रियेनंतर घरचे मायेपोटी कापलेल्या पायाखाली उशी सरकवतात, सांधा वाकलेल्या स्थितीत आखडतो आणि पुढे कृत्रिम पाय नीट बसत नाही. एवढी साधी गोष्ट वॉर्डातच सांगायला हवी. कौशल्याचा तुटवडाही नाही: बंगळुरूतच १९९४ मध्ये सुरू झालेली 'मोबिलिटी इंडिया' ही संस्था कृत्रिम अवयव बनवते आणि ते बनवणारे तंत्रज्ञही घडवते. उणीव आहे ती इस्पितळ आणि कार्यशाळा यांना जोडणाऱ्या चिठ्ठीची. खर्चाच्या अंदाजपत्रकात पहिल्या सॉकेटबरोबर दुसऱ्याचेही पैसे आणि प्रवासखर्च धरला, तर अर्ध्यावर सुटणारे पुष्कळ टिकतील.

तेव्हा नातेवाईकहो, संमतीपत्रावर सही करण्याआधी सर्जनला विचारा: याला चालायला कोण शिकवणार, कुठे, किती महिने, आणि त्याचे पैसे कोण देणार? उत्तर लेखी मागा.