सत्काराच्या फोटोनंतर लेकरू जातं कुठं?

थोडं लांब लिहितोय. वेळ असेल तेव्हा वाचा, पण पूर्ण वाचा.

गेल्या आठवड्यात उंद्रीच्या स्टँडवर चहा घेत उभा होतो. समोर कृषी केंद्रापुढं गाडी लागलेली आणि एक पोरगा खताच्या गोण्या उतरवत होता. चेहरा ओळखीचा वाटला. त्यानंच हाक मारली, "भाऊ, ओळखलं का? तुम्ही माझी बातमी छापली होती."

मग आठवलं. चार-पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. शालेय स्पर्धेत ३ हजार मीटर पळण्यात जिल्ह्यात पहिला आला होता, विभागावर गेला होता. शाळेत सत्कार झाला. शाल, श्रीफळ, ट्रॉफी, मागं फ्लेक्स. मी फोटो काढला आणि मथळा दिला, 'गावाचे नाव उज्ज्वल केले'. वीस वर्षांच्या पत्रकारितेत हा मथळा मी किती वेळा दिला असेल, मोजलं नाही.

"पळतोस का अजून?" विचारलं.

"नाही भाऊ. दहावीनंतर सुटलं. कात्रण मात्र आईनं ठेवलंय, कपाटात."

चहा गोड लागला नाही. कारण त्या सुटण्याची बातमी मी केली नव्हती. त्याच्या जिंकण्याला चार ओळी होत्या, थांबण्याला एकही नाही.

आपल्याकडं लेकरांत दम नाही असं कोणी म्हणू नये. आपल्याच जिल्ह्याचा दाखला घ्या. बुलढाण्याचा प्रथमेश जावकर. मे २०२३, शांघायचा विश्वचषक. वय १९. कंपाउंड तिरंदाजीच्या अंतिम लढतीत समोर नेदरलँड्सचा माईक श्लोसर, या प्रकारातला जगातला दादा माणूस. प्रथमेश १४९-१४८ नं जिंकला. म्हणजे काय, ते समजून घ्या. ५० मीटरवर लक्ष्य, त्यातलं दहा गुणांचं वर्तुळ फक्त ८ सेंटिमीटरचं, चहाच्या बशीहूनही लहान. १५ बाण मारायचे. १५० पैकी १४९, म्हणजे १४ बाण त्या बशीत आणि एकच जरासा बाहेर. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत अभिषेक वर्मा, नागपूरचा ओजस देवतळे आणि आपला प्रथमेश या तिघांनी कोरियाला २३५-२३० नं हरवून सांघिक सुवर्ण आणलं.

बुलढाणा काही पुणे-मुंबई नाही. तिथून हे झालं ते एका शिबिरानं किंवा एका सत्कारानं झालं नाही. प्रशिक्षक चंद्रकांत इलग यांच्यासारखा माणूस गावातच होता, रोज होता, वर्षानुवर्षं होता. पोरगा घरी राहून, घरचं खाऊन सरावाला जाऊ शकत होता. माझ्या मते सगळं गुपित या 'रोज'मध्ये आहे.

आता उंद्रीचं बघा. इथल्या एखाद्या पोरीचा नेम प्रथमेशइतकाच चांगला असेल. पण तिला बुलढाण्याला जायचं तर आधी चिखली, तिथून पुढची गाडी. शाळा सुटल्यावर निघाली तर पोचेपर्यंत अंधार. परत कधी यायचं? रोजचं भाडं कुठून आणायचं? शिवाय चांगलं कंपाउंड धनुष्य लाखांच्या घरात जातं. शेतकरी बाप दोन दिवस विचार करतो आणि म्हणतो, "बाई, अभ्यास कर." त्या बापाला मी दोष देणार नाही.

म्हणजे शिडी आहे, पण मधल्या पायऱ्याच नाहीत. खाली शाळेचं मैदान आहे. वर आता बरंच काही आलंय. कबड्डीची प्रो लीग २०१४ पासून आहे. तिरंदाजीचीही लीग २०२५ मध्ये दिल्लीत झाली. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये कंपाउंडचा मिश्र सांघिक प्रकार पहिल्यांदाच येतोय. वर पैसा आहे, नाव आहे. खाली दम आहे. मध्ये १५ ते १९ वयाचं जे भगदाड आहे, त्यात आपली लेकरं पडतात.

हे भगदाड इतरांनी कसं बुजवलं, ते वाचत होतो. वाचता वाचता पार कॅनडाच्या आइस हॉकीपर्यंत पोचलो. हसू नका. आपल्याकडं बर्फ फक्त रसवंतीत, हे मलाही कळतं. पण खेळ सोडा, व्यवस्था बघा.

तिकडं साधारण १६ ते २० वयाची पोरं ज्युनियर लीगमध्ये खेळतात. त्यातले बरेच संघ छोट्या शहरांतले. पोराची निवड झाली की त्याला घर सोडून शेकडो किलोमीटर दूर जावं लागतं. तिथं हॉस्टेल नसतं. गावातली कुटुंबं या खेळाडूंना आपल्या घरात ठेवून घेतात. संघ त्यांना थोडा खर्च देतो. घरातल्या लेकरांसोबत तोही जेवतो, शाळेत जातो, संध्याकाळी सरावाला. पुढं एनएचएलमध्ये करोडपती झालेले कितीतरी खेळाडू असे परक्याच्या स्वयंपाकघरात वाढलेले आहेत.

वाचलं आणि मनात आलं, अरे, हे तर आपलंच आहे! आपल्याकडं 'वार लावून जेवणं' होतंच की. गरीब घरचा पोरगा शिकायला शहरात यायचा. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी. सात घरांनी मिळून एक विद्यार्थी वाढवायचा. त्यात अपमानही गिळावे लागत, जात बघून दार उघडलं जाई, हे विसरून चालणार नाही. ते तसंच्या तसं परत आणा असं मी म्हणत नाही. पण सात घरांनी मिळून एक लेकरू सांभाळायचं, ही कल्पना आपल्याला नवी नाही.

उंद्री-अमडापूर पट्ट्यातली किती कुटुंबं आज चिखलीत, बुलढाण्यात स्थायिक आहेत? मास्तर आहेत, पोलीस आहेत, दुकानदार आहेत. त्यातल्या पाच-सहा घरांनी एका लेकराला वर्षभर जागा दिली तर? एक खाट, दोन वेळचं जेवण. बस्स.

आता यातला धोकाही सांगतो, नाहीतर हे लिहिणं अर्धवट राहील. त्याच कॅनडात ज्युनियर संघाच्या एका प्रशिक्षकानं मुलांचं लैंगिक शोषण केल्याचं १९९० च्या दशकात उघड झालं. शेल्डन केनेडी नावाच्या खेळाडूनं स्वतः पुढं येऊन सांगितलं, तेव्हा देश हादरला. घरापासून लांब असलेलं लेकरू, त्याचं सगळं भविष्य एका माणसाच्या हातात आणि विचारणारं कोणी नाही, तिथं असं घडू शकतं. म्हणून घर ओळखीचंच हवं. पोरीसाठी तर आई-बापानं स्वतः पाहिलेलं, घरात बाईमाणूस असलेलं. दर आठवड्याला घरचा फोन आणि महिन्याला गावातल्या कोणीतरी जाऊन यायचं. 'सर आहेत ना, मग झालं' एवढ्यावर सोडायचं नाही.

दुसरी गोष्ट निवडीची. कॅनडात वयोगट १ जानेवारीला धरतात. रॉजर बार्न्सली नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९८० च्या दशकात दाखवून दिलं की वरच्या ज्युनियर संघांत जानेवारी ते मार्चमध्ये जन्मलेल्या पोरांची गर्दी आहे. कारण साधं. लहान वयात दहा महिन्यांचा फरक म्हणजे उंचीचा, ताकदीचा फरक. मोठं दिसणारं पोरगं निवडलं जातं, त्याला चांगला प्रशिक्षक मिळतो, जास्त सामने मिळतात आणि मग ते खरंच चांगलं होतं. डिसेंबरचं लेकरू बाहेर बसतं आणि सोडून देतं.

आपल्या मैदानावर वेगळं काय होतं? १४ वर्षांखालच्या संघात सर उंचपुरा पोरगा घेतात, कारण यंदाची ट्रॉफी हवी. बारका उशिरा वाढणार, हे कोणाच्या डोक्यात नसतं. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे बघा. बारावीनंतर सैन्यात गेला आणि स्टीपलचेसकडं वळला तो तिथं गेल्यावर. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत केनियाच्या धावपटूंमध्ये घुसून रौप्य आणलं. चौदाव्या वर्षीच्या ट्रॉफीवर कोणाचं काही ठरत नसतं.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. एनएचएलमध्ये दरवर्षी ३२ संघ मिळून सुमारे सव्वादोनशे पोरं निवडतात आणि त्यातलीही बरीच मुख्य संघात कधी टिकत नाहीत. म्हणून तिकडच्या ज्युनियर लीगमध्ये जितके हंगाम खेळलास, तितक्या वर्षांची पुढच्या शिक्षणाची शिष्यवृत्ती देतात. खेळ हुकला तरी पोरगं रस्त्यावर येत नाही.

आपल्याकडं असं काही नाही का? आहे. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण आहेत. राज्याच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. क्रीडा प्रबोधिनी आहे, जिथं राहणं, जेवण, शिक्षण, सराव एकत्र होतं. कोल्हापूरच्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे २००९ मध्ये प्रबोधिनीत गेला, पुढं रेल्वेत नोकरी लागली आणि २०२४ मध्ये पॅरिसला नेमबाजीचं ऑलिम्पिक कांस्य आणलं. मधली पंधरा वर्षं मोजा. पंधरा वर्षं त्याच्या पायाखाली काहीतरी होतं, म्हणून तो टिकला.

पण प्रबोधिनीची चाचणी कधी होते, अर्ज कुठं करायचा, कोणतं प्रमाणपत्र नोकरीला चालतं आणि कोणतं नाही, हे आपल्या किती पालकांना माहीत आहे? बोगस क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणं राज्यात गाजली. म्हणजे ज्यांना कायदा कळतो ते न खेळता फायदा उचलतात आणि खरं पळालेलं पोरगं गोण्या उतरवतं. गोण्या उतरवण्यात कमीपणा नाही, घामाचं काम आहे. पण त्याला निवड करायला मिळाली नाही, हे मला खटकतं.

कोणी म्हणेल, "भाऊ, सोयाबीनला भाव नाही, पीकविम्याचे पैसे नाहीत आणि तुम्ही खेळाचं काय घेऊन बसलात?" खरं आहे. पण भाव नाही म्हणूनच तर शेतीबाहेरचं प्रत्येक दार उघडं ठेवायला पाहिजे. कोणी म्हणेल, हे सरकारचं काम. तेही खरं. तालुक्याला पूर्णवेळ प्रशिक्षक मागायलाच हवेत आणि मी मागत राहीन. पण ते येईपर्यंत आज पंधरा वर्षांची असलेली पोरगी वीसची होईल. तिला तोवर थांबायला सांगता येत नाही.

म्हणून चार गोष्टी मांडतो.

एक, सत्काराचा खर्च. पुढच्या सत्कारात शाल आणि फ्लेक्स नको. तेवढे पैसे त्या लेकराच्या नावानं बँकेत टाका. बूट, एसटीचं भाडं, अंडी-दूध, यासाठी.

दोन, चिखली-बुलढाण्यात राहणाऱ्या आपल्या मंडळींनी एका लेकराची जागा द्यावी. अटी वर सांगितल्यात, त्या पाळूनच.

तीन, शाळेच्या मैदानावर सकाळी दोन तास गाड्या-ट्रॅक्टर लागणार नाहीत, एवढं ग्रामपंचायतीनं बघावं.

चार, हे माझं स्वतःचं. इथून पुढं खेळाच्या ज्या लेकराची बातमी करीन, त्याचं नाव वहीत लिहीन. वर्षभरानं घरी जाऊन विचारीन, सुरू आहे का? बंद झालं असेल तर का झालं, त्याचीही बातमी करीन. तेवढ्याच जागेत. प्रबोधिनीच्या चाचणीची तारीख लागली की इथंच टाकीन.

त्या पोराला निघताना विचारलं, "सकाळी शाळेच्या पोरांना पळायला शिकवशील का?" गोणी खाली ठेवून म्हणाला, "शिकवीन की. सहाला येतो, नऊला दुकान असतं." सोमवारपासून येणार आहे. तूर्त पोरं किती येतील माहीत नाही. तुमच्या घरात कोणी असेल तर पाठवा. मी पण येतोय. पळायला नाही हो, बघायला!

ज्यांना जागा देणं जमेल किंवा खर्चाला हातभार लावता येईल, त्यांनी मला मेसेज करावा. लेकरांची नावं-फोटो कमेंटमध्ये टाकू नका. आणि माझं काही चुकत असेल तर तेही सांगा, ते मात्र खुशाल कमेंटमध्ये.