हौशी व्याही

कुत्र्यांबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती कुत्र्यांच्या व्याह्यांबद्दल. आमच्या बीड जिल्ह्यात पाण्याची टंचाई असते, कामाची असते, एस.टी.त बसायला जागेची असते. पण कुत्र्यांच्या व्याह्यांची टंचाई मी आजवर पाहिली नाही.

हा व्याही ओळखायला सोपा. त्याने आयुष्यात पहिल्यांदाच कुत्री पाळलेली असते, ती पहिल्यांदाच माजावर आलेली असते, आणि त्याच्या साडूकडे किंवा साहेबाकडे तसाच एक ब्रह्मचारी कुत्रा असतो. तो तुम्हाला बाजारात गाठतो, पिशवी या हातातून त्या हातात घेतो आणि आवाज खाली आणून म्हणतो, "सर, आमच्या स्वीटीचं यंदा करून टाकावं म्हणतो."

करून टाकावं! जसं काही घराला रंग लावायचा राहिला आहे.

"कधी?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं. "येत्या रविवारी. सगळ्यांना सुट्टी आहे."

आता कुत्रीच्या देहाला रविवार कळत नाही. तिचा माज चालतो साधारण तीन आठवडे. पहिले आठ-नऊ दिवस अंगावरून लाल जातं, आणि त्या दिवसांत जवळ आलेल्या नराला ती दात दाखवते. पुढे तो लाल रंग फिका होत होत भाताच्या पेजेसारखा होतो, आणि पाठीवर शेपटीपाशी हात ठेवला की ती शेपटी बाजूला घेते. बहुतेकींचा हा काळ दहाव्या ते चौदाव्या दिवसाच्या आसपास येतो. पण एखादी सातव्याला तयार होते, एखादी अठराव्यालाही नाही. नक्की कळून घ्यायचं तर मोठ्या शहरात रक्त तपासून सांगतात. आमचा व्याही मात्र चौथ्या दिवशी, रविवार म्हणून, नवरदेवाला टेम्पोत घालून आणतो. कुत्री नवरदेवाचा कान फोडते. मग सगळे म्हणतात, पोरगी फार माजोरी आहे हो.

तुम्ही म्हणाल, हा इतकं छातीठोक कसं बोलतो? तर मी स्वतः एकदा व्याही झालो होतो. गुन्हा कबूल करूनच पुढे बोलतो.

माझी चांदणी कारवानी. उभी राहिली की कोपऱ्यात कोणी लाठी टेकवून ठेवल्यासारखी दिसायची. ही आपल्या भागातली अस्सल जात. कर्नाटकात तिलाच मुधोळ म्हणतात. २००५ साली टपाल खात्याने मुधोळ कुत्र्याचं तिकीटसुद्धा काढलं. हे तिकीट मी चार लोकांना दाखवलं आणि तिथेच माझं डोकं फिरलं. जात टिकली पाहिजे, वंश वाढला पाहिजे, अशी भाषा मी बोलू लागलो. चांदणी तेव्हा अकरा महिन्यांची होती. केजला माझ्या साडूंकडे टायगर नावाचा कारवानी होता. वय चौदा महिने, अनुभव शून्य. साडूंचा अनुभव त्याहून थोडा कमी.

पहिली चूक मुहूर्तातली, ती वर सांगितलीच आहे. दुसरी चूक स्थळाची. आपल्यात लग्न मुलीकडे होतं, म्हणून आम्ही टायगरला आमच्या अंगणात आणला. कुत्र्यांत नेमका उलटा रिवाज आहे: मादीला नराच्या घरी न्यायचं असतं. आपल्या अंगणात नर वाघ असतो, परक्या अंगणात बिचाऱ्याला आधी भूगोलाचा अभ्यास करावा लागतो. टायगरने पाऊण तास तो केला. खांब, सायकल, तुळशीवृंदावन, साडूंच्या चपला, सगळीकडे त्याने सही केली. वधूकडे त्याने ढुंकून पाहिलं नाही.

तिसरी चूक वऱ्हाडाची. अंगणात आम्ही अकरा माणसं होतो. शेजारचे ग्रामसेवक, त्यांचा भाचा, गच्चीवर दोन पोरं. बायका स्वयंपाकघराच्या खिडकीत, आपण तिथे नाहीच असा चेहरा करून. चांदणीला लिंबाच्या झाडाला बांधली होती. साडू टायगरला मागून ढकलत ओरडत होते, "अरे, चढ की! चढ!" टायगर चढला. पण तोंडाच्या बाजूने. चांदणीने जो आवाज काढला त्याने गच्चीवरची पोरं खाली आली.

'जनावरांना काय शिकवायचं, निसर्ग शिकवतो' असं म्हणणारे गृहस्थ या जागी मला हमखास भेटतात. निसर्ग शिकवतो, मान्य. पण निसर्गाची शाळा भाद्रपदात रस्त्यावर भरते, तिथे जाऊन बघा. एकेका कुत्रीमागे सात-आठ जण दिवसेंदिवस हिंडतात. ती पळते, थांबते, एकाला हाकलते, दुसऱ्याला जवळ येऊ देते. नापसंतीचा हक्क तिच्याकडे असतो. आपण काय करतो? गळ्यात साखळी, साखळी झाडाला, समोर ओळखदेख नसलेला नवरदेव, आणि बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवतोय, कारण थांबल्याचे पैसे वेगळे. अशा वेळी निसर्ग गप्प बसतो. दोघंही नवखी असली तर हमखासच बसतो. जोडीतलं एक जण तरी जाणतं हवं, म्हणजे दुसऱ्याचा गोंधळ निभावतो. आणि दोन्हीकडची मिळून माणसं हवीत दोन. तीसुद्धा न बोलणारी. म्हणजे व्याही आधीच बाद.

अखेर तिसऱ्या दिवशी, आमची शोभा पुरती झाल्यावर, जमलं. आणि खरी धावपळ तेव्हा सुरू झाली. टायगर खाली उतरला, वळला आणि दोघांची पाठीला पाठ लागली. सुटेनात. साडू घाबरले. मी घाबरलो. ग्रामसेवक म्हणाले, पाणी टाका. साडूंनी बादली उचलली.

मळ्यातला मेंढरांचा कळप सोडून एक म्हातारे धनगरबुवा गंमत बघायला फाटकाशी उभे होते. ते आत आले. "बादली ठिव खाली," म्हणाले. "कामून तरास देतूस त्यान्ला? वढशील तर दोघंबी फाटतील." त्यांनी वऱ्हाडाला फाटकाबाहेर काढलं, चांदणीचं डोकं मांडीवर घेतलं आणि तिच्या कानामागे खाजवत बसून राहिले. नराच्या इंद्रियाच्या मुळाशी एक गाठ असते, ती फुगते आणि दोघं अडकतात. दहा-वीस मिनिटांनी, कधी अर्ध्या-पाऊण तासाने ती आपोआप उतरते. हे मला नंतर पुस्तकातून कळलं. बुवांना पुस्तकाची गरज नव्हती. बावीस मिनिटं लागली. एवढी नोंद मात्र मी घड्याळ बघून केली, कारण करण्यासारखं दुसरं काही मला येत नव्हतं.

काम झालं असं समजून दोन दिवसांनी आम्ही चांदणीला मोकळी सोडली. ही चौथी चूक. माज संपेपर्यंत कडी लावून ठेवायची असते. एकाच वेतात दोन बापांची पिल्लं होऊ शकतात. हे त्या वेळी कोणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो.

एकसष्टाव्या रात्री चांदणी व्यायली. तीन पिल्लं आली, चौथं अडलं. दोन तास ती कळा देत होती आणि प्रत्येक कळेला माझ्याकडे बघत होती, जणू हे मीच थांबवू शकतो. रात्री अकराला डॉक्टर शोधत हिंडलो. ज्या भल्या माणसाने दार उघडलं त्याने जन्मभर गाई-म्हशी पाहिलेल्या. त्याने हात जोडून सांगितलं, प्रयत्न करतो. पहाटेपर्यंत पाच पिल्लं बाहेर आली, तीन मेलेली. आणि चांदणी? जिवंत राहिलेल्या दोघांकडे तिने कुणा परक्याचं सामान आपल्या दारात ठेवलं असावं, तसं पाहिलं आणि कोपऱ्यात जाऊन झोपली. तिचं स्वतःचंच खेळायचं वय होतं. पुढचे बारा दिवस दर दोन तासांनी ड्रॉपरने दूध पाजलं ते आमच्या सौभाग्यवतींनी. त्या काळात त्या माझ्याशी फक्त दुधाच्या तापमानाविषयी बोलत. डोळे उघडल्यावर पिल्लांचे चेहरे कळायला लागले. एक टायगरवर गेलं होतं. दुसरं सरळ सरळ बसस्टँडवरच्या चहाच्या टपरीवर गेलं होतं.

२०१७ साली केंद्र सरकारने कुत्र्यांची पैदास करणाऱ्यांसाठी नियम केले. त्यात मादीला अठरा महिने पुरे झाल्याशिवाय लावू नये असं आहे. मुलीला अठरा वर्षं, कुत्रीला अठरा महिने. आकडा एकच, आणि आमच्या जिल्ह्यात दोन्ही सारख्याच आदराने भिंतीला टांगलेले. "वयात आली, आता कशाला ठेवायची?" हे वाक्य मी कुत्रीबद्दल ऐकलं आहे आणि आठवीतल्या पोरीबद्दलही ऐकलं आहे. दोन्ही वेळा बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर तीच कर्तव्यपूर्ती. पोरीच्या बापाला निदान कारखान्याला जायचं असतं. मुकादम कोयता मोजतो तो जोडीने. एकट्या पोराला उचल कमी मिळते. सहा महिने उसाच्या फडावर राहायचं तर पोरीला मागे कुणाजवळ ठेवायची, ही भीती असते. ती सबब मला मान्य नाही, पण ऐकताना माझी मान खाली जाते. कुत्रीच्या बापाला कसली उचल मिळालेली असते?

त्याच्याजवळ सबबी दोन. पहिली, "एकदा तरी पिल्लं झाली पाहिजेत, नाहीतर तिची तब्येत बिघडते." हे धादांत खोटं. न व्यायल्याने कुत्री आजारी पडत नाही. उलट गर्भाशय काढून टाकलं तर त्यात पू होण्याचा जीवघेणा आजारच टळतो. दुसरी नराच्या बाजूची: "पोराला जरा बाहेर अनुभव घेऊ द्या." गल्लीतून असा अनुभव घेऊन आलेली पोरं मी पाहिली आहेत. त्या जागी फुलकोबीसारख्या गाठी, त्यातून रक्त, आणि मग आठवड्याला एक अशी कॅन्सरची इंजेक्शनं. हा रोग मुख्यतः संगातून पसरतो. व्याही पत्रिका बघतात, रंग बघतात, तपासणी तेवढी बघत नाहीत.

आणि पिल्लं? २०२१ च्या डिसेंबरात आमचा जिल्हा जगभरच्या वर्तमानपत्रांत झळकला. माजलगाव तालुक्यातल्या लऊळ गावात माकडं कुत्र्यांची पिल्लं उचलून झाडांवर आणि घरांवर नेत होती. अडीचशे पिल्लं मेली असं छापून आलं. आकडा सांगणाऱ्यागणिक वाढत गेला असावा. शेवटी वनखात्याने दोन माकडं पकडून नेली. पेपर वाचून सगळे व्याही हळहळले. स्वीटीची उरलेली चार पिल्लं पोत्यात घालून रात्री कारखान्याच्या रस्त्याला सोडून आलेले व्याहीसुद्धा हळहळले. त्यांना पकडायला अजून कुठलं खातं आलेलं नाही.

गेल्या आठवड्यात साडूंचा फोन आला. टायगर म्हातारा झाला, आता त्यांनी लॅब्राडॉर आणली आहे. दहा महिन्यांची. "रविवारी मोकळे आहात का?" म्हणाले. मी म्हटलं, "रविवारी मोकळा आहे. येतो. आधी तिला घेऊन डॉक्टरकडे जाऊ, टाके घालून आणू." पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही. मग त्यांनी माझ्या रक्तदाबाची चौकशी केली.

चांदणी आता नऊ वर्षांची आहे. तिला टाके घातले त्याला आठ वर्षं होत आली. भाद्रपदात फाटकाबाहेर गोंधळ सुरू झाला की ती एक कान वर करते, जरा ऐकते, आणि माझ्या चपलेवर मान टाकून पुन्हा झोपते.