एंजिनाची टिकटिक आणि तेलाची निवड

बैल लंगडूं लागला तर त्याला जास्त पेंड चारून कोणी बरा करूं पाहत नाहीं. आधीं खूर उचलून पाहतात. पण ट्रॅक्टरच्या एंजिनांतून टिकटिक असा आवाज येऊं लागला म्हणजे आमच्या कडा-आष्टी भागांतील पुष्कळ शेतकरी बंधु नेमकें उलट करतात. दुकानांतून अधिक जाड ऑइलचा डबा आणतात, तो एंजिनांत ओततात आणि आवाज मंदावला म्हणजे रोग गेला असें समजतात. ही समजूत चुकीची असून ती शेतकऱ्यास फार महाग पडते, असें आमचें स्पष्ट मत आहे.

आष्टी तालुका पर्जन्यछायेच्या पट्ट्यांत मोडतो. मृगांत किंवा आर्द्रांत पाऊस पडून वाफसा आला म्हणजे पेरणीस मिळणारे दिवस बोटांवर मोजण्याइतके असतात. त्या दिवसांत आपला ट्रॅक्टर उभा राहिला तर भाड्याचाहि मिळत नाहीं, कारण ज्याला त्याला तो त्याच दिवसांत हवा असतो. क्रँक घासण्यासारखें मोठें काम निघाल्यास एंजिन कड्याहून नगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, न्यावें लागतें. त्यांत खर्च होतो तो होतोच. पण वाफसा निघून जातो, ही हानि कोणत्याहि पैशानें भरून येत नाहीं. म्हणून एंजिनाच्या आवाजाचा प्रश्न हा केवळ मिस्त्रीचा नसून शेतकऱ्याचा आहे.

डिझेल एंजिन आपणांस नवें नाहीं. सन १९४६ मध्यें किर्लोस्कर ऑइल एंजिन्स ही कंपनी पुण्यास स्थापन झाली, आणि पुढें महाराष्ट्रांतील हजारों विहिरींवर मोटेच्या जागीं एंजिन आलें. त्यावर काम करणारा जुना माणूस नुसत्या आवाजावरून दुखणें ओळखीत असे. आतां विहिरींवर बहुतेक ठिकाणीं विजेच्या मोटारी बसल्या आहेत. एंजिन राहिलें तें मुख्यतः ट्रॅक्टरांत, आणि तें पत्र्याखालीं झांकलेलें. त्यामुळें कान लावून ऐकण्याची ती संवयहि सुटत चालली आहे. ती पुन्हा लावून घेतली पाहिजे.

आवाज आला कीं पहिलें काम तेल पाहण्याचें. ट्रॅक्टर सपाट जागीं उभा करून एंजिन बंद करावें, तेल खालीं उतरूं द्यावें, आणि मग पट्टी पुसून मोजावें. तेल कमी असेल तर टिकटिकीचें कारण बहुधा तेथेंच सांपडतें. कारण तेल वरच्या व्हाल्व्हपर्यंत पुरेशा दाबानें पोंचत नाहीं. तेल आपोआप वाढलेलें दिसलें व त्याला डिझेलचा वास आला, तर डिझेल तेलांत उतरून तें पातळ होत आहे असें समजावें. तेल दुधाळ दिसलें तर पाणी मिसळलें आहे. या दोन्ही स्थितींत एंजिन चालवूं नये. मात्र तेल काळें झालें एवढ्यावरून तें वाईट ठरत नाहीं; डिझेलची काजळी धुऊन आपल्यांत धरून ठेवणें हें त्या तेलाचें कामच आहे. तेलाच्या दाबाचा दिवा एंजिन चालू असतां लागला, तर दुसरा कोणताहि विचार न करतां एंजिन तत्काळ थांबवावें.

तेल व दाब ठीक असल्यास मग आवाज ऐकावा. लांब दांडीचा स्क्रू-ड्रायव्हर एंजिनास टेकवून त्याची मूठ कानाशीं धरली म्हणजे आवाजाची जागा बरीचशी कळते. फक्त पंखा व पट्टा यांपासून हात, धोतर, उपरणें दूर ठेवावें. वरच्या झांकणाखालून हलकी, एकसारखी टिकटिक येत असेल तर ती बहुधा टॅपेटची असते. चार-स्ट्रोक एंजिनांत क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हां प्रत्येक व्हाल्व्ह एकदां उघडतो. म्हणून एंजिन मिनिटास ८०० फेरे घेत असतां एका टॅपेटची टिकटिक ४०० वेळां होते. तिचा ठेका एंजिनाच्या गतीच्या निम्मा असतो, ही खूण ध्यानांत ठेवावी. एक्झॉस्टच्या तोंडाशीं फुसफुसणारी टिकटिक असून सांध्यावर काजळीचा डाग दिसत असेल तर तेथील पॅकिंग गेलें आहे. नोझलची थोडी टकटक डिझेल एंजिनास स्वाभाविक आहे. पण एकाच नोझलचा आवाज तीक्ष्ण झाला आणि सायलेन्सरमधून काळा धूर निघूं लागला तर नोझल तपासून घ्यावें. आवाज खोल, ठोका मारल्यासारखा असून नांगर जमिनींत उतरतांच वाढत असेल, तर तो बेअरिंगचा समजून ट्रॅक्टर जागच्या जागीं उभा करावा. सकाळीं सुरू करतांना कांहीं क्षण टिकटिक होऊन ती थांबत असेल, तर तेल वर पोंचण्यास लागणारा तो वेळ आहे. त्यानें घाबरण्याचें कारण नाहीं.

टॅपेटविषयीं आणखी एक गोष्ट. कांहीं मिस्त्री आवाज बंद करण्यासाठीं टॅपेटची फट पुस्तकांत दिलेल्या मापापेक्षां कमी करून देतात, आणि मालक खूष होतो. पण फट फार कमी झाली कीं एंजिन तापल्यावर व्हाल्व्ह पुरता बसत नाहीं, त्याच्या कडेनें जळता वायु निसटतो आणि व्हाल्व्ह जळतो. फट मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्यांत मोजावयाची असते; ती अंदाजानें नव्हे, फीलर गेजनेंच लावली पाहिजे. थोडें वाजणारें टॅपेट हें मुकाट्यानें व्हाल्व्ह जाळणाऱ्या टॅपेटपेक्षां पुष्कळ बरें.

आतां तेलाची निवड. डब्यावर दोन खुणा असतात. पहिली एस. ए. ई. ची, म्हणजे जाडीची. १५डब्ल्यू-४० यांतील पहिला आंकडा थंडींतील वागणुकीचा. १५ आणि २० यांतील फरक शून्याखालीं १५-२० अंशांच्या थंडीचा असल्यानें आमच्या भागांत त्याचें महत्त्व थोडें. दुसरा आंकडा, ४०, हा एंजिन तापल्यावरच्या, म्हणजे १०० अंशांवरच्या जाडीचा. आपणांस पाहावयाचा तो हा. असें तेल ४० अंशांपासून १०० अंशांपर्यंत तापतांना सुमारें सातव्या हिश्श्याइतकें पातळ होतें, आणि हें जाणूनच कारखानदार फटी व पंप योजतो. त्याहून जाड तेल घातलें तर सुरुवातीस तें वर उशिरा पोंचतें, आणि आवाज दबल्यामुळें झीज मात्र दिसेनाशी होते. दुसरी खूण ए. पी. आय. ची. डिझेल एंजिनासाठीं ती सी या अक्षरानें सुरू होते: सीएफ-४ हा दर्जा १९९० चा, सीआय-४ हा २००२ चा, सीके-४ हा २०१६ चा. सन २०२३ पासून ५० अश्वशक्तीहून मोठ्या नव्या ट्रॅक्टरांस धुराचे कडक नियम लागूं झाले. त्यांच्या धूर गाळणाऱ्या यंत्रणेस भलतें तेल बाधतें, म्हणून तेथें पुस्तकांत लिहिलेलाच दर्जा वापरावा. गिअर व हायड्रॉलिकचें तेल एंजिनांत घालण्याचा विचारहि करूं नये.

तेल बदलण्याचा काळ पुष्कळ ट्रॅक्टरांस २५० तासांच्या आसपास सांगितलेला असतो. पण वैशाखांतील आमच्या रानांतली धूळ ज्यानें पाहिली आहे, त्यानें हवेची गाळणी रोज पाहावी. कारण तेलाइतकाच धुळीनें एंजिनाचा नाश होतो.

एकट्या शेतकऱ्यास हें सर्व संभाळणें जड जातें, म्हणून आमची सूचना अशी: आपल्या संघानें दोन फीलर गेज घ्यावेत, हंगामापूर्वीं, चैत्रांत, एक दिवस नेमून जाणत्या मिस्त्रीकडून सभासदांच्या ट्रॅक्टरांचीं टॅपेटें तपासून घ्यावींत, आणि सीलबंद डबे एकत्र खरेदी करून सुट्या तेलाचा धोका टाळावा. प्रत्येक मालकानें तास, तेल व दुरुस्ती यांची वही ठेवावी. वाफसा आला म्हणजे एंजिनाचें ऐकण्यास कोणास सवड नसते. तें आधींच ऐकून घ्यावें, इतकीच वाचकांस विनंति.