विश्लेषण : हवेतला कार्बन टिपणाऱ्या ‘सेंद्रिय चाळणी’चे घोडे कुठे अडले?

रसायनशास्त्राचे २०२५चे नोबेल सुसुमु कितागावा, रिचर्ड रॉबसन आणि ओमर याघी यांना धातू-सेंद्रिय चौकटींसाठी (एमओएफ) मिळाले. याघी यांच्याच गटाने २००५ मध्ये धातूचा अंशही नसलेल्या चौकटी बनवल्या होत्या. सीओएफ, अर्थात सहसंयुज सेंद्रिय चौकटी, या नावाने त्या ओळखल्या जातात.

सीओएफ काय करते?

कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजन, ऑक्सिजन, बोरॉन अशा हलक्या मूलद्रव्यांचे रेणू जोडून ही जाळी विणली जाते. तिची छिद्रे नॅनोमीटरच्या मापाची आणि एकसारखी. याघी यांच्या गटाने २०२४ मध्ये जाहीर केलेल्या ‘सीओएफ-९९९’ने बर्कलीच्या उघड्या हवेतून कार्बन डायऑक्साइड शोषला. साठ अंश सेल्सिअसला तापवताच तो सोडला. हे चक्र शंभर वेळा चालूनही पदार्थ टिकला. २०० ग्रॅम भुकटी वर्षाला २० किलो वायू टिपेल, म्हणजे एका झाडाइतका, असा संशोधकांचा अंदाज आहे.

बनवणे अवघड का?

सहसंयुज बंध बळकट असतो, हीच मेख. रेणू चुकीच्या जागी घट्ट जुळला की सुटत नाही, आणि स्फटिकाऐवजी आकारहीन गाळ हाती येतो. म्हणून बंध जुळेल, तुटेल, पुन्हा जुळेल अशी उलट फिरणारी अभिक्रिया निवडतात; त्यातून चुका आपोआप दुरुस्त होतात. पण जो बंध सहज तुटतो, तो पाण्यानेही तुटतो. सुरुवातीच्या बोरॉनयुक्त चौकटी दमट हवेतही विघटित होत. पावसाळी हवेत न टिकणारी चाळणी काय कामाची?

तोडगा पुण्यातून?

राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत (एनसीएल) राहुल बॅनर्जी यांच्या गटाने २०१२ मध्ये यावर नामी युक्ती केली. पहिली पायरी उलट फिरणारी ठेवली, त्यामुळे स्फटिक नीट जमला. नंतर रेणूतला एक हायड्रोजन जागा बदलतो आणि परतीचे दार बंद होते. ही चौकट उकळत्या पाण्यात आणि तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लातही टिकली.

उद्योगात का नाही?

प्रश्न वेळ, खर्च आणि प्रमाणाचा आहे. प्रचलित पद्धतीत सेंद्रिय द्रावक घालून बंद काचनळी १२० अंशांवर तीन दिवस ठेवतात; हाती येते चिमूटभर भुकटी. कार्बन टिपायला ती टनांनी लागेल. पुण्याच्याच गटाने २०१३ मध्ये द्रावकाशिवाय, खलात घोटून हा पदार्थ बनवला. सोपी, स्वच्छ पद्धत. मात्र त्यात स्फटिकांची घडण कच्ची राहिली आणि वायू धरणारे पृष्ठफळ बरेच घटले.