मुरलेल्या चढाईपटूचा भाव

भाताची कापणी उरकली की आमच्या चिंचपाड्यात कबड्डीच्या स्पर्धांचे वारे वाहू लागते. सुरत-भुसावळ मार्गावरचे, नवापूर तालुक्यातले हे गाव. संध्याकाळी पोरे शाळेमागच्या मैदानावर जमतात. मी निवृत्त शिक्षक. मंडळाच्या वर्गणीची वही माझ्याकडे असते, एवढाच माझा या खेळाशी संबंध. परवा पोरे वही पाहायला आली. जमा होते अकरा हजार. त्यांतले पाच हजार देऊन बाहेरगावचा एक नावाजलेला चढाईपटू आणायचा, असा त्यांचा बेत.

"सर, तो आला की चषक आपलाच!" एक जण म्हणाला.

हा खेळाडू आता पस्तिशीला आला आहे. दोन वर्षांपूर्वीही आम्ही त्याला आणले होते. पहिला सामना त्याने एकहाती जिंकून दिला, दुसऱ्यात गुडघा धरून बसला. आमची पोरे तोवर त्याच्याच तोंडाकडे पाहण्याची सवय लागून बसली होती. तिसरा सामना आम्ही हरलो. पैसे गेले याचे मला फारसे वाटले नाही. पोरांचा एक हंगाम गेला, याचे वाटले.

आमच्या वहीतला हा प्रश्न मोठ्या मैदानावर कोटींच्या आकड्यांत उभा आहे. प्रो कबड्डी लीग २०१४ साली सुरू झाली, तेव्हा सर्वांत महागडा खेळाडू राकेशकुमार १२ लाख ८० हजारांना गेला होता. २०२३च्या लिलावात तेलुगू टायटन्सने पवन सेहरावतसाठी २ कोटी ६० लाख ५० हजार मोजले. त्या वर्षी एका संघाला खेळाडूंवर खर्चता येत होते सुमारे ५ कोटी. म्हणजे निम्म्याहून अधिक पैसा एका माणसावर! पवनने आपले काम चोख केले, दोनशेवर गुण मिळवले. पण संघाने २२ सामन्यांत जिंकले फक्त दोन आणि तळ गाठला. त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट तर अधिक बोलकी आहे. तमिळ थलैवाजने याच पवनला २ कोटी २६ लाखांना घेतले. पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा दुखावला आणि हंगाम संपला. मग नरेंदर नावाच्या नवख्या पोराने चढायांचा भार उचलला, आणि थलैवाज प्रथमच उपांत्य फेरीत पोचले.

कोणी म्हणेल, पवन काही म्हातारा नव्हे. खरे आहे. पण चढाईपटूचे वय वर्षांत मोजून चालत नाही, चढायांत मोजावे लागते. तीस सेकंदांत एकट्याने सात जणांच्या अंगणात शिरायचे, घोट्याला पडलेली मिठी सोडवत मध्यरेषेकडे झेपावायचे, आणि हे एका सामन्यात पंधरा-वीस वेळा! गुडघे आणि खांदे याचा हिशेब ठेवतात. प्रदीप नरवालने २०१७ साली पाटणा पायरेट्सकडून ३६९ गुण मिळवून संघाला सलग तिसरे विजेतेपद दिले. त्याला सर्वाधिक भाव मात्र आला २०२१ साली, १ कोटी ६५ लाख, यूपी योद्धाकडून. विजेतेपद त्या संघाला मिळाले नाही. २०२४ साली तो ७० लाखांना गेला. २०२५च्या लिलावात त्याच्यावर बोली लागली नाही आणि त्याने निवृत्ती पत्करली. तेव्हा तो तिशीचाही नव्हता. लिलावात भाव लागतो तो बहुधा काल मिळवलेल्या गुणांना. सामना मात्र उद्या खेळायचा असतो.

अमेरिकेतल्या फुटबॉलमध्येही हाच वाद वर्षानुवर्षे चालू आहे. तिथे चेंडू पोटाशी धरून समोरच्या फळीत घुसणारा धावपटू असतो. आपल्या चढाईपटूचा तो चुलतभाऊच. टॉड गर्लीला लॉस एंजेलिसच्या संघाने २०१८ साली चार वर्षांचा ५ कोटी ७५ लाख डॉलरचा करार दिला आणि गुडघ्याच्या दुखण्यापायी २०२० साली मोकळे केले. उलट, सेक्वॉन बार्कली २०२४ साली फिलाडेल्फियाकडे गेला, दोन हजारांवर यार्ड धावला आणि संघ विजेता ठरला. पण त्याला वाट करून देणारी पुढची फळी मुळातच भक्कम होती.

मग जुन्या खेळाडूंना मोडीत काढायचे काय? मुळीच नाही. २०२२ साली दबंग दिल्लीने विजेतेपद मिळवले, तेव्हा बचावात मनजीत छिल्लर, जोगिंदर नरवाल, जीवाकुमार असे मुरलेले गडी होते आणि चढाईला तरुण नवीनकुमार. बचावपटू एकटा नसतो. चढाईपटू कोणत्या पायावर वळणार, हे अनुभवानेच कळते. पुढे पुणेरी पलटणने २०२४च्या मार्चमध्ये चषक जिंकला. त्यांनी मोठी रक्कम मोजली ती इराणच्या मोहम्मदरेझा शादलूवर. तो तरुण आणि मुख्यत्वे बचावाचा. चढाया केल्या त्या आपल्या नगर जिल्ह्याचा अस्लम इनामदार आणि मोहित गोयत या संघानेच वाढवलेल्या पोरांनी.

यात खेळाडूचा दोष नाही, हेही सांगितले पाहिजे. पूर्वी कबड्डीपटूला रेल्वे, पोलीस, बँक यांत नोकरी लागे आणि खेळ सुटला तरी पगार सुटत नसे. आज सगळ्यांनाच तो आधार नाही. चार-पाच हंगामांत जन्माची कमाई करायची, तर मिळेल तो भाव त्याने का नाकारावा? अन्याय आहे तो आधीच्या टप्प्यावर. पोरगा सर्वांत जास्त चढाया करतो त्या वयात त्याला थोडक्यात बांधून घेतले जाते, आणि अंग थकू लागले की कोटी पुढे येतात. कोल्हापूरचा सिद्धार्थ देसाई २०१८ साली यू मुंबाकडून गाजला तो ३६ लाख ४० हजारांत. पुढच्याच वर्षी त्याचे १ कोटी ४५ लाख झाले. पैसा त्या पहिल्या वर्षांतच वाढवला, तर खेळाडूचेही भले आणि संघाचेही.

पोरांना मी हे सगळे सांगितले नाही. एवढेच म्हटले, की त्या खेळाडूला बोलवा, पण स्पर्धेच्या आधी पंधरा दिवस, शिकवायला. दोन हजार आणि येण्याजाण्याचे भाडे देऊ. उरलेल्यात गुडघ्याच्या पट्ट्या घेऊ आणि ऊसतोडीला गेलेल्या आपल्या दोन पोरांना सामन्यापुरते गावी आणू. त्यांची मजुरी बुडेल, ती भरून देऊ. पोरे जरा नाराज झाली. मग एकाने विचारले, "सर, तो पायाची पकड शिकवील का?"

त्याला फोन मीच केला. क्षणभर तो गप्प राहिला, मग म्हणाला, "येतो. खेळायला लावू नका म्हणजे झालं."