पेल्यांतील भांग

भांग ही वस्तु आमच्या लोकांस नवी नाहीं. महाशिवरात्रीस व होळीस ती थंडाईंत घोटून पिण्याचा परिपाठ जुना आहे. माजुमाच्या वड्याही आजोबांच्या पिढीस ठाऊक होत्या. नवें आहे तें तिचें रूप. तीच वनस्पति कॉफींत, चॉकलेटांत, लोण्यांत घरच्या घरीं कशी उतरवावी, याचे पाठ आतां तरुणांच्या हातांतील फोनवर सुखेनैव मिळतात. बिबवेवाडींत मार्केट यार्डाचे व्यापारी राहतात आणि शिकावयास आलेलीं मुलेंही खोल्या घेऊन राहतात. अशा वस्तींत या विषयावर मौन धरणें आम्हांस इष्ट वाटत नाहीं.

ओढलेला गांजा कांहीं मिनिटांत अंमल दाखवितो; खाल्लेला अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत स्वस्थ बसतो. तेव्हां "कांहींच झालें नाहीं" म्हणून मनुष्य दुसरी वडी खातो, आणि मग दोन्ही मिळून चढतात. पोटांतून गेलेलें द्रव्य यकृतांत अधिक तीव्र रूप घेतें व सहा-आठ तास, प्रसंगीं त्याहूनही अधिक काळ, उतरत नाहीं. धडधड, भीति, भ्रम, ओकाऱ्या हे त्याचे परिणाम. कॉफीनें नशा उतरते ही समजूत खोटी. ती झोंप उडविते आणि धडधडींत भर घालते, इतकेंच. हातानें केलेल्या कोणत्या वडींत किती अंश उतरला, हें तर करणाऱ्यासही सांगतां येत नाहीं. कॅनडानें ऑक्टोबर २०१९ मध्यें असले पदार्थ कायदेशीर केले, तेव्हां एका पाकिटांत मादक द्रव्य १० मिलिग्रॅमपेक्षां अधिक नसावें असा निर्बंध घातला. तरीही खाऊ समजून तें खाल्लेल्या लहान मुलांस रुग्णालयांत नेण्याचे प्रसंग तेथें वाढलेच.

कायद्याविषयींचें अज्ञान तर विलक्षण आहे. १९८५ च्या अंमली पदार्थांच्या कायद्यांत नुसतीं पानें गांजांत मोडत नाहींत, एवढें ऐकून पुष्कळ लोक भांग मोकळी झाली असें समजतात. परंतु महाराष्ट्रांत १९४९ चा दारूबंदीचा कायदा पानांसही मादक पदार्थच मानतो. शेंड्यांचा गांजा घातलेलें मिश्रण व त्याचें पेय तर १९८५ च्या व्याख्येंतच आहे. आणि वजन? २००९ च्या अधिसूचनेप्रमाणें सबंध मिश्रणाचें वजन धरतात. सर्वोच्च न्यायालयानें २०२० मध्यें तेंच कायम केलें. गांजाची अल्प मात्रा १ किलोपर्यंत, शिक्षा एक वर्षापर्यंत. चिमूटभर गांजा सव्वा किलो मिठाईंत मिसळणारा मुलगा ती मर्यादा ओलांडतो, आणि दहा वर्षांपर्यंतच्या शिक्षेस पात्र होतो. हें त्या मुलास कोण सांगतें?

व्यापाऱ्यांसही दोन शब्द. आयुर्वेदिक म्हणून विकल्या जाणाऱ्या भांगेच्या गोळ्या औषधांच्या नियमांतील ई(१) या विषारी द्रव्यांच्या यादींत येतात. वैद्यांच्या देखरेखीखालीं घेण्याची सूचना वेष्टणावर छापलीच पाहिजे. त्याच यादींत बिबवाही आहे. बिबवा उतला म्हणजे काय होतें हें आमच्या आयाबाया जाणत, म्हणून तो जपून वापरीत. पानाच्या टपरीवर सुपारीशेजारीं ठेवलेली गोळी मात्र कोणी जपून घेत नाहीं.

१८९३-९४ च्या हेंप ड्रग्स कमिशननें हजारांवर साक्षी घेऊन माफक सेवनानें फारसा अपाय होत नाहीं असा निर्णय दिला, हा दाखला आमच्यापुढें नेहमीं टाकण्यांत येतो. दोन हिंदी सभासदांची भिन्नमतपत्रिका त्यास जोडलेली होती, हें सांगण्यास मात्र लोक विसरतात. शिवाय तें मत माफक सेवनापुरतें होतें. मात्राच ज्यास ठाऊक नाहीं तो माफक कसा राहणार?

केवळ धरपकडीनें हें थांबेल असें आम्ही मानीत नाहीं. अब्रूच्या भयानें आईबाप डॉक्टरांस "बाहेरचें कांहीं खाल्लें" एवढेंच सांगतात, आणि उपचार भलत्या दिशेस जातात. वास्तविक १९८५ च्याच कायद्याचें ६४अ हें कलम, व्यसनांत सांपडलेला मनुष्य अल्प मात्रेच्या गुन्ह्यांत असून आपण होऊन सरकारमान्य संस्थेंत उपचार घेईल, तर त्यास खटल्यापासून सूट देतें. बिबवेवाडींतील प्रत्येक दवाखान्याच्या भिंतीवर तें मराठींत लावण्यास एक कागद पुरे आहे.