पायांखालचे बेट

ज्वालामुखीच्या बेटावर, डोंगरउतारावर वसलेले गाव पाहावयाचे, तर सातासमुद्रापार गेले पाहिजे, असे पुष्कळांना वाटते. हिंदी महासागरातील रियुनियन बेटावर अशी गावे आहेतही. तेथील एक ज्वालामुखी अद्याप जागृत आहे. परंतु शिरूर-दौंडच्या मुलांनी त्यासाठी जहाजाची वाट पाहण्याचे कारण नाही. सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी भारतभूमी आशियाला जोडली गेली नव्हती. सागराने वेढलेले ते एक प्रचंड बेटच होते. आज जेथे रियुनियन आहे, त्या तप्त स्थानावरून ते उत्तरेकडे सरकत असता भूमीला भेगा पडल्या व त्यांतून शिलारस थरांवर थर पसरत गेला, असे भूशास्त्रज्ञ मानतात. तो निवाला, तोच आपला काळा कातळ.

यवतजवळचा भुलेश्वराचा डोंगर याच थरांचा आहे. तो पुरंदर तालुक्याच्या हद्दीत असला, तरी दौंडकरांच्या नित्य दृष्टीस पडतो. पायी चढणाऱ्यास त्याचे थर ध्यानात येतात; मोटारीने थेट माथा गाठणाऱ्यास येत नाहीत. अशा धावत्या दर्शनाला भेट म्हणावे की नाही, हा प्रश्नच आहे! माथ्यावरील मंदिरही काळ्या पाषाणाचे असून त्यात स्त्रीरूपातील गणेशाची दुर्मिळ मूर्ती आहे. इतक्या कठीण दगडातून वस्त्रांच्या चुण्या नि अलंकारांचे मणी काढणारे ते हात केवढे धीराचे असतील!

शिरूर तालुक्याच्या उत्तर सीमेवर, टाकळी हाजी येथे, हेच काम कुकडी नदीने केले आहे. पुराच्या भोवऱ्यात सापडलेले गोटे गरगर फिरून कातळ झिजवितात व त्यात रांजणासारखे खोल खळगे पडतात. पैलतीरावर निघोज आहे.

अशा स्थळी काही प्रवासी दगडावर आपली नावे कोरतात, कागद व बाटल्या टाकून जातात. त्यांना दुष्ट म्हणणे सोपे आहे. पण आपण काय पाहत आहोत, हे त्यांना कधी कोणी सांगितलेलेच नसते. एका दिवसात पाच ठिकाणे उरकणाऱ्या शाळांच्या सहलींनाही यातील थोडा दोष जातोच. त्यापेक्षा एकच स्थळ निवडावे, दिवसभर तेथे राहावे, आणि मुलांना कातळावर हात ठेवून बसू द्यावे. उन्हाळ्यात खळग्यांच्या तळाशी ते गोटे स्वस्थ पडलेले असतात. पावसाळ्यात कुकडी भरून आली, की ते पुन्हा फिरू लागतात.